पासष्टी, अपंगत्व आणि घराचा कर : टेक्सासमधल्या वाचकांचे प्रश्न

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळा, काउंटी आणि शहर यांच्या खर्चाचा मोठा भार घरांवरच्या करावर पडतो. नोकरी चालू असताना हे बिल कसंबसं झेपतं. निवृत्तीनंतर किंवा आजारपणामुळे काम सुटल्यावर मात्र त्याच बिलापायी घर विकायची वेळ येते. तशी वेळ येऊ नये म्हणून कायद्यात चांगल्या सवलती आहेत, पण त्यांची माहिती नसल्याने किंवा अर्ज राहून गेल्याने अनेकांच्या हातून त्या निसटतात. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन परिसरातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात मंजूर झालेल्या वाढीव रकमा उत्तरांमध्ये धरल्या आहेत.

प्रश्न : मला येत्या ऑगस्टमध्ये पासष्ट वर्षं पूर्ण होतील. प्लेनोतल्या घराला साधं होमस्टेड (स्वतः राहत्या घराची करसवलत) आधीपासून आहे. ज्येष्ठांची सवलत आपोआप लागते की वेगळा अर्ज करायचा? आणि वाढदिवस होईपर्यंत थांबायचं का?

पासष्टी वर्षातल्या कुठल्याही दिवशी पूर्ण झाली तरी सवलत त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून, म्हणजे पूर्ण वर्षासाठी धरली जाते. ३१ डिसेंबरला वाढदिवस असणाऱ्यालाही अख्ख्या वर्षाचा लाभ मिळतो.

तुमच्या जुन्या अर्जात जन्मतारीख नोंदलेली असेल, तर अप्रेझल डिस्ट्रिक्टने (करासाठी घरांची किंमत ठरवणारं काउंटीतलं कार्यालय) ही सवलत स्वतःहून लावायला हवी. पण जुन्या नोंदींमध्ये तारीख नसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर तुमच्या पत्त्याची नोंद उघडा आणि सवलतींच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे फक्त साधं होमस्टेड दिसत असेल, तर अर्ज करा.

अर्जाचा नमुना ५०-११४. साध्या होमस्टेडसाठी, ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी हाच एक फॉर्म आहे; आपल्याला लागू असेल त्या चौकटीत खूण करायची. सोबत टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सची किंवा टेक्सास आयडीची प्रत जोडायची. तो काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे द्यायचा. काउंटीचं टॅक्स ऑफिस हे वेगळं कार्यालय आहे, ते फक्त पैसे घेतं. शुल्क शून्य. मुदत ३० एप्रिल.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं, लायसन्सवर जुना पत्ता असतो. लायसन्सवरचा पत्ता आणि ज्या घरासाठी सवलत मागताय तो पत्ता एकच असावा लागतो. म्हणून आधी लायसन्सवरचा पत्ता बदला, मग अर्ज पाठवा. दुसरं कारण आपल्या नावांचं. डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचं एकच आद्याक्षर, लायसन्सवर ते नाव पूर्ण, आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, असं झालं की कारकून अर्ज बाजूला ठेवतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं दोन ओळींचं सही केलेलं पत्र आणि पासपोर्टची प्रत सोबत दिली तर हा फेरा वाचतो.

मुदत उलटून गेलेल्यांनीही अर्ज सोडून देऊ नये. बिल थकीत ठरण्याची तारीख १ फेब्रुवारी, आणि त्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज करता येतो. २०२५ च्या बिलाची ती तारीख १ फेब्रुवारी २०२६ आहे, म्हणजे २०२८ च्या जानेवारीअखेरपर्यंत त्या वर्षाची सवलत मागता येईल. कर आधीच भरला असेल तर जास्तीचे पैसे परत मिळतात.

आता तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पासष्टीच्या वर्षी तुमचा स्कूल टॅक्स जितका निघेल, तोच आकडा पुढे कायमची कमाल मर्यादा बनतो. त्यामुळे एरवी मूल्यांकनाला हरकत घ्यायचा कंटाळा करत असाल, तर निदान या वर्षी तो करू नका. मुदत १५ मे किंवा मूल्यांकनाची नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतली जी नंतरची असेल ती. स्कूल टॅक्सचा दर शंभर डॉलरला एक डॉलर धरला, तर करपात्र किंमत ३०,००० डॉलरने खाली आणली की ३०० डॉलर वाचतात. इतर वर्षी ते एकदाच वाचतात, या वर्षी मात्र तुमची मर्यादाच ३०० ने खाली बसते.

एक बारकावा तपासून घ्या. नोटिशीवर दोन किमती असतात : बाजारभाव, आणि होमस्टेडमुळे वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढू न दिलेली मूल्यांकित किंमत. बाजारभाव ४,८०,००० आणि मूल्यांकित किंमत ४,४०,००० असेल, तर बाजारभाव ४,५०,००० वर आणून त्या वर्षीचा कर एक डॉलरनेही उतरणार नाही. तो ४,४०,००० च्या खाली आणण्याइतका पुरावा हातात हवा : शेजारच्या घरांचे मूल्यांकनाचे आकडे, पाया खचल्याचा किंवा छप्पर गळत असल्याचा दुरुस्तीचा अंदाजपत्रकी कागद, फोटो.

प्रश्न : आम्ही केटीत राहतो. दोन वर्षांपूर्वी "टॅक्स फ्रीझ" मिळालं असं कळवलं होतं. तरी यंदा बिल वाढलं. फसवणूक झाली आहे का?

फसवणूक नाही. "फ्रीझ" या शब्दामुळे अख्खं बिल गोठलं असं वाटतं, पण कायद्याने गोठतो तो फक्त स्कूल डिस्ट्रिक्टचा कर. तोही डॉलरमध्ये गोठतो; घराची किंमत वाढतच राहते.

बिल समोर ठेवा आणि एकेक ओळ वाचा. वेगवेगळ्या कर घेणाऱ्या संस्थांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. स्कूल डिस्ट्रिक्टच्या ओळीवर मर्यादा लागू असते. काउंटी, शहर आणि कम्युनिटी कॉलेज यांना अशी मर्यादा लावायची मुभा आहे, सक्ती नाही. काहींनी लावली आहे, काहींनी नाही. हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, आणि नव्या वसाहतींत पाणी-सांडपाण्याची सोय करणारा युटिलिटी डिस्ट्रिक्ट, ज्याला सगळे "मड" म्हणतात, त्यांना ही मर्यादा लागूच होत नाही. केटी, शुगर लँड, फ्रिस्को भागांत नव्या वसाहतीत घर घेतलेल्यांचं बिल वाढतं ते बऱ्याचदा या ओळींमुळे. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी हा तर करच नव्हे, तिला यातली कुठलीच सवलत नाही.

एक हिशेब करून बघू. घराची मूल्यांकित किंमत ४,५०,००० डॉलर. स्कूल टॅक्ससाठी प्रत्येक राहत्या घराला १,४०,००० ची वजावट, आणि ज्येष्ठ किंवा दिव्यांग मालकाला आणखी ६०,००० ची. एकूण २,००,००० वजा जाऊन करपात्र उरले २,५०,०००. शंभराला एक डॉलर या दराने स्कूल टॅक्स २,५०० डॉलर. वजावट अजिबात नसती तर हाच कर ४,५०० झाला असता. पुढच्या वर्षी किंमत ४,८०,००० झाली तरी २,५०० ही मर्यादा हलणार नाही. दर उतरून कर २,४०० निघाला तर २,४०० च भरायचे. पण याच घरावर मडचा दर शंभराला साठ सेंट असेल आणि त्यांनी ज्येष्ठांना काही वजावट दिली नसेल, तर त्या ओळीचे आधी २,७०० आणि पुढच्या वर्षी २,८८० होतील. तुमच्या बिलात बहुधा हेच घडलंय.

दुसरं कारण बांधकामाचं असू शकतं. नवी खोली काढली, स्विमिंग पूल बांधला, झाकलेला पॅटिओ जोडला, तर तेवढ्या भागाच्या किमतीचा कर मर्यादेत मिळवला जातो. छप्पर बदलणं, एसी नवा बसवणं, फरशी किंवा रंग ही दुरुस्ती आहे, तिने मर्यादा वाढत नाही. दुरुस्तीला "नवीन बांधकाम" समजून मर्यादा वाढवली असेल, तर कंत्राटदाराचं बिल घेऊन हरकत घ्या, तो आकडा दुरुस्त होतो.

शहर, काउंटी आणि मड यांच्याकडे ज्येष्ठांसाठी स्वतःची ऐच्छिक वजावट आहे का, तेही विचारा. दिली तर ती किमान ३,००० डॉलरची असते, आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून पुष्कळ मोठी आहे. अर्ज तोच, ५०-११४. प्रत्येक संस्थेकडे वेगळं जावं लागत नाही.

प्रश्न : आई-बाबा ग्रीन कार्डवर आमच्याकडे फ्रिस्कोला कायमचे आले आहेत. दोघंही सत्तरीच्या पुढे. घर माझ्या नावावर आहे. त्यांच्या वयामुळे आम्हाला ज्येष्ठांची सवलत मिळेल का? नाही तर डीडवर त्यांचं नाव घालावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. पासष्टी मालकाची लागते; घरात ज्येष्ठ राहतात एवढ्यावर भागत नाही.

डीडवर नाव घालण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : केवळ करासाठी हे करू नका. पती-पत्नी सोडून इतर सहमालक असतील, तर वजावट हिश्शाच्या प्रमाणात मिळते आणि फॉर्मवर मालकीचा टक्का लिहावा लागतो. वडिलांना दहा टक्के हिस्सा दिला, तर ६०,००० पैकी ६,००० ची वजावट, म्हणजे वर्षाला साधारण ६० डॉलर. त्यासाठी वकिलाचा डीडचा खर्च, नोंदणी, कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी, आणि भेटीची किंमत माणशी वर्षाला १९,००० डॉलरच्या वर गेली तर गिफ्ट टॅक्सचं विवरणपत्र. पुढे त्यांच्या पश्चात तो हिस्सा वारसाहक्काच्या कज्ज्यात अडकायची शक्यता वेगळीच. हिश्शावर टॅक्सची मर्यादा कशी लावतील, हे तरीही जाणून घ्यायचं असेल तर डीड करण्याआधी अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून लेखी उत्तर घ्या.

पुण्या-मुंबईचा फ्लॅट विकून आई-बाबांनीच पैसे घातले आहेत किंवा घालणार आहेत, अशी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे घर मुळात त्यांच्याच नावावर घेणं रास्त आहे. दोघांच्या नावावर घर, दोघं त्यात राहतात, दोघांकडे टेक्सास आयडी आहे, मग पूर्ण सवलत आणि मर्यादा दोन्ही मिळतात. गाडी चालवत नसले तरी आयडी कार्ड मिळतं; इथे आल्याबरोबर ते काढून ठेवा.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही ऑक्टोबर ते मार्च पुण्यात असतो. तिथे स्वतःचा फ्लॅट आहे. यामुळे इथलं होमस्टेड जाईल का?

नुसतं गैरहजर राहून जात नाही. परत येऊन राहायचा इरादा आहे, दुसरीकडे मुख्य घर केलेलं नाही आणि सलग गैरहजेरी दोन वर्षांपेक्षा कमी आहे, तर सवलत टिकते. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे शुश्रूषागृहात राहावं लागलं, तर दोन वर्षांची अटही नाही.

मात्र तुम्ही पुण्यात असताना टेक्सासचं अख्खं घर भाड्याने दिलंत, तर ते तुमचं राहतं घर उरत नाही. एक खोली भाड्याने देणं आणि घर देणं यांत कायदा फरक करतो.

दोन ठिकाणी दोन वेगळी विधानं होणार नाहीत, याचीही काळजी घ्या. ५०-११४ वर सही करताना तुम्ही लिहून देता, की दुसऱ्या कुठल्याही घरावर, टेक्सासबाहेरसुद्धा, राहतं घर म्हणून सवलत घेतलेली नाही. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. त्या अर्जात तुम्ही फ्लॅटमध्ये स्वतः राहता असं सांगितलेलं असतं. एकाच माणसाने दोन घरं "माझं राहतं घर" म्हणून लिहून द्यायची, हे चौकशीत अवघड जातं. टेक्सासची सवलत रकमेने बहुतेक वेळा मोठी असते. तीच ठेवायची असेल तर पुण्याच्या अर्जाचा सल्ला तिथल्या कर सल्लागाराकडून आधी घ्या.

खरा धोका टपालाचा आहे. २०२३ च्या कायद्यानुसार अप्रेझल डिस्ट्रिक्टला प्रत्येक होमस्टेडची पाच वर्षांतून निदान एकदा पडताळणी करावी लागते. पत्र येतं, घर बंद असतं, उत्तर जात नाही आणि सवलत काढायची कारवाई सुरू होते. पासष्टीवरच्यांची सवलत लेखी नोटीस आणि उत्तराचा फॉर्म पाठवल्याशिवाय रद्द करता येत नाही, पण नोटीस तुमच्या बंद पेटीत पडून राहिली तर काय उपयोग! टपाल मुलाच्या पत्त्यावर वळवा किंवा शेजाऱ्याला दर आठवड्याला फोटो पाठवायला सांगा.

कराचं बिलही नेमकं तुम्ही पुण्यात असतानाच येतं. ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतं आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. फेब्रुवारीत भरलं तर सहा टक्के दंड आणि एक टक्का व्याज, म्हणजे पहिल्याच महिन्यात सात टक्के जादा. बिल मिळालं नाही, ही सबब चालत नाही. एस्क्रो (कर्जाच्या हप्त्यासोबत पैसे घेऊन बँकेने कर भरण्याची सोय) नसेल तर डिसेंबरमध्ये टॅक्स ऑफिसच्या वेबसाइटवर जाऊन भरून टाका.

प्रश्न : माझे पती बावन्न वर्षांचे आहेत, पार्किन्सन्समुळे नोकरी सुटली. ज्येष्ठ नाहीत म्हणून सवलत नाही असं एकाने सांगितलं. खरं का?

खरं नाही. दिव्यांग मालकाला वयाची अट नाही, सज्ञान असलं की पुरे. स्कूल टॅक्सची ६०,००० ची वजावट, मर्यादा, हप्ते आणि कर लांबणीवर टाकण्याची सोय, सगळं ज्येष्ठांसारखंच मिळतं.

अपंगत्वाची व्याख्या सोशल सिक्युरिटीचीच धरतात : वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध होणाऱ्या आजारामुळे कुठलंही ठोस कमाईचं काम करता येत नाही, आणि तो आजार किमान बारा महिने टिकणारा किंवा जीवघेणा आहे. सोशल सिक्युरिटीचं मंजुरीपत्र असेल तर पुरावा सरळ आहे. आपल्या लोकांत दुसरी परिस्थितीही येते : या देशात पुरेशी वर्षं काम झालेलं नसल्यामुळे सोशल सिक्युरिटीकडून पैसे मिळत नाहीत. तरीही घाबरू नका. पैसे मिळत असलेच पाहिजेत अशी अट नाही, व्याख्येत बसलं पाहिजे. अशा वेळी अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून डॉक्टरने भरायचा फॉर्म घ्या.

डॉक्टरांना फॉर्म देताना एक गोष्ट आवर्जून सांगा : अपंगत्व कधी सुरू झालं ती तारीख लिहा. बरेच डॉक्टर आजाराचं नाव आणि आजची तारीख लिहून सही करतात. त्यावरून मागच्या वर्षांची सवलत देता येत नाही. "रुग्णाला चालायला त्रास होतो" एवढंही पुरत नाही. काम करण्याची क्षमता नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. गाडीच्या आरशाला लावायचं निळं पार्किंग कार्ड हा पुरावा धरला जात नाही.

पतींना पासष्ट झाल्यावर दोन्ही वजावटी एकाच संस्थेकडून एकत्र मिळत नाहीत, एक निवडावी लागते. शहराची ज्येष्ठांची रक्कम आणि दिव्यांगांची रक्कम वेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही बघून मोठी घ्या.

हेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न इतर दोन पत्रांत आला आहे : मूल दिव्यांग असेल आणि घर आई-वडिलांच्या नावावर असेल, तर ही सवलत मिळत नाही. सैन्यसेवेत अपंगत्व आलेल्यांसाठी मात्र वेगळा आणि जास्त उदार कायदा आहे. शंभर टक्के अपंगत्व मान्य झालेल्या माजी सैनिकाच्या राहत्या घराला पूर्ण करमाफी आहे.

प्रश्न : मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शुगर लँडला एकटी राहते. घराचं कर्ज फिटलंय, पण सोशल सिक्युरिटीतून वर्षाचे आठ हजार डॉलर कर भरणं होत नाही. घर विकावं लागेल का?

नाही, ताई, निदान करासाठी तरी नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट हप्त्यांची. ज्येष्ठ आणि दिव्यांग मालकांना चार समान हप्ते दंड-व्याजाशिवाय मिळतात : ३१ जानेवारी, ३१ मार्च, ३१ मे आणि ३१ जुलैपर्यंत. म्हणजे तुमचे दोन-दोन हजार. पहिला हप्ता भरताना उरलेली रक्कम हप्त्यांत भरणार असल्याची चिठ्ठी सोबत द्यायची. चिठ्ठी नसेल तर ऑफिस तो अर्धवट भरणा समजतं आणि बाकीवर दंड सुरू होतो. एखादा हप्ता चुकला तर त्या हप्त्यावर सहा टक्के दंड आणि दरमहा व्याज.

दुसरी वाट कर लांबणीवर टाकण्याची. फॉर्म ५०-१२६, हे एक प्रतिज्ञापत्र आहे. ते नोटरीसमोर सही करून अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे द्यायचं. त्यानंतर तुम्ही त्या घरात मालक म्हणून राहत आहात तोवर कुठलीही संस्था कराची वसुली करू शकत नाही आणि घर लिलावात काढू शकत नाही. खटला चालू झालेला असला तरी तो थांबतो. हे सगळ्या संस्थांच्या करांना लागू आहे, मडलासुद्धा.

पण ही माफी नाही. कर साचत राहतो, त्यावर वर्षाला पाच टक्के सरळव्याज चढतं, आणि घरावर बोजा राहतो. आठ हजार दरसाल असे दहा वर्षं लांबवले, आणि पहिलं बिल दहा वर्षं, शेवटचं एक वर्ष थकलेलं धरलं, तर मुद्दल ८०,००० आणि व्याज २२,०००. घर विकल्यावर किंवा तुमच्या पश्चात ही रक्कम द्यावी लागते. त्यासाठी १८० दिवस मिळतात, मग नेहमीचे दंड सुरू होतात. मुलांना हे आत्ताच सांगून ठेवा. वारसांची धावपळ होते ती रक्कम मोठी म्हणून नव्हे, तर ती असल्याचं कोणी सांगितलेलंच नसतं म्हणून.

अर्ज करण्याआधीचे थकीत दंड-व्याज तसेच राहतात, म्हणून थकायच्या आधीच प्रतिज्ञापत्र द्या. मध्येच पैसे हाताशी आले तर जितके जमतील तितके भरता येतात. कर्ज असलेल्या वाचकांनी मात्र ही वाट धरण्याआधी बँकेशी बोलावं : कर वेळेवर भरायचा हे कर्जाच्या करारात असतं आणि बँक स्वतः भरून तुमच्याकडून वसूल करते. रिव्हर्स मॉर्गेज (ज्येष्ठांना घरावर मिळणारं, हप्ते नसलेलं कर्ज) असेल तर कर थकवणं म्हणजे करारभंग, तिथे ही सोय वापरू नका.

तुम्ही दोन्ही वाटा पारखण्याआधी एवढं बघा, की ज्येष्ठांची सवलत तुमच्या नोंदीवर लागलेली आहे ना. घर पतींच्या नावावर होतं आणि ते गेल्यानंतर नोंद बदलली नसेल, तर आठ हजारांचा आकडाच मुळात चुकीचा असू शकतो.

प्रश्न : ह्यूस्टनचं घर विकून मुलीजवळ राउंड रॉकला छोटं घर घेतोय. जुन्या घराची मर्यादा बुडाली का?

बुडत नाही. डॉलरचा आकडा सोबत येत नाही, टक्का येतो. जुन्या घरावर मर्यादा नसती तर स्कूल टॅक्स ३,२०० झाला असता आणि तुम्ही २,४०० भरत होता, म्हणजे ७५ टक्के. नव्या घराचा स्कूल टॅक्स ४,००० निघाला तर तुमची मर्यादा ३,००० वर बसेल.

त्यासाठी जुन्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून टॅक्स सीलिंगचा, म्हणजे या मर्यादेचा, दाखला घ्या आणि नव्या घराच्या ५०-११४ सोबत जोडा. फॉर्मवर मर्यादा हस्तांतराची चौकट आणि जुन्या घराचा पत्ता भरायला विसरू नका. तो रकाना रिकामा सुटला की नवं कार्यालय नवीच मर्यादा बसवतं. शहर आणि काउंटीची मर्यादा मात्र त्याच शहरात किंवा काउंटीत घर घेतलं तरच सोबत येते.

प्रश्न : पती वारले, मी सत्तावन्न वर्षांची आहे. मर्यादा टिकेल का? घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या ट्रस्टमध्ये) आहे.

पती गेले त्या दिवशी तुमचं वय पंचावन्न किंवा जास्त होतं, घर तुमच्याकडे आलं आणि तुम्ही तिथेच राहता, तर स्कूल टॅक्सची मर्यादा तुमच्याकडे चालू राहते. पती ज्येष्ठ म्हणून नव्हे तर दिव्यांग म्हणून सवलत घेत असतील, तरी आता हाच नियम आहे. २०२१ च्या मतदानाने तो पक्का झाला. मृत्यूचा दाखला आणि नवा ५०-११४ द्या. स्कूल टॅक्सची ६०,००० ची वजावट मात्र तुम्हाला पासष्ट होईपर्यंत मिळणार नाही. पंचावन्नच्या आत असणाऱ्यांची मर्यादा जाते, साधं होमस्टेड राहतं. मुलांकडे मर्यादा जात नाही.

ट्रस्ट असल्याने अडत नाही, पण त्या दस्तऐवजात तुम्हाला भाडं न देता राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा आणि घराचं वर्णन हवं. वकिलाने बनवलेल्या जुन्या ट्रस्टमध्ये हे वाक्य सुटलेलं आढळतं. एका दुरुस्तीपत्राने ते घालता येतं. घर एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर ठेवलेल्यांना मात्र होमस्टेडच नाही.

प्रश्न : "होमस्टेड नोंदणीची अंतिम सूचना" असं सरकारी दिसणारं पत्र आलंय, पन्नासएक डॉलर मागितलेत. भरू का?

भरू नका. सवलतीचा अर्ज फुकट आहे. अशा पत्रात बहुतेक वेळा घेणेकऱ्यांपासून संरक्षणासाठीच्या ऐच्छिक नोंदणीचं काम विकलेलं असतं, त्याचा करसवलतीशी संबंध नसतो. पाकिटावर तुमच्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टचं नाव आहे का ते बघा. शंका असेल तर पत्रातल्या नंबरवर फोन न करता मूल्यांकनाच्या जुन्या नोटिशीवर छापलेल्या नंबरवर करा, आणि त्याच फोनमध्ये तुमच्या नोंदीवर आज कुठल्या सवलती आहेत तेही विचारून घ्या.